पडल्यावर आधी साखर तपासा

संपादक महोदय,

मधुमेह असलेले वृद्ध घरात पडले, की खापर ओल्या फरशीवर, चपलांवर नाहीतर वयावर फोडले जाते. हाड मोडले का ते सगळे बघतात, रक्तातील साखर उतरल्याने पडला का, हे मात्र क्वचितच कोणी बघतो. अर्ध्या तासाने बघून फारसे कळत नाही. तोवर काहीतरी गोड पाजून झालेले असते. ग्लुकोमीटर पडल्या जागीच आणावा.

आकडा ७०च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच हवे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून रुग्णवाहिका बोलवावी.

उतारवयात साखर उतरल्याची थरथर, धडधड जाणवेलच असे नाही. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर ही लक्षणे आणखी दबतात. दिसते ते असे: बोलणे असंबद्ध होते, तोल जातो, माणूस विनाकारण चिडतो. घाम मात्र बीटा ब्लॉकरमुळे थांबत नाही, म्हणून मानेला हात लावून बघावा.

मूळ बहुधा औषधात असते. साखर उतरवणाऱ्या गोळ्यांपैकी ग्लिमेपिराइड, विशेषतः ग्लिबेनक्लामाइड, मूत्रपिंड मंदावले की शरीरात साचते. मूत्रपिंडाच्या तपासणीत मोजले जाणारे क्रिएटिनिन स्नायूंतून येते; कृश वृद्धांचे ते नॉर्मल दिसते, कारण स्नायूच कमी असतात. ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, बघायला हवा. या गोळ्यांमुळे उतरलेली साखर वर येऊन पुन्हा उतरू शकते, म्हणून पुढचे २४ तास लक्ष हवे. इन्सुलिन किंवा या गोळ्या घेणाऱ्या, इतरही आजार असलेल्या ऐंशीच्या माणसाचे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.५ आले म्हणून आनंद मानणे मला धोक्याचे वाटते. अशांना ८च्या आत पुरते.

पडल्याची वेळ, साखरेचा आकडा, शेवटचे जेवण आणि शेवटचा डोस कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावा आणि डोस कमी करायचा का, हे स्पष्ट विचारावे. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर साखर सुधारली तरी रुग्णालयात जावेच.

आपला,
एक वाचक