महालक्ष्म्या पुण्याला

नागपूर,
हरतालिकेची आदली रात्र

प्रिय विन्या,

तुझे फोन उचलले नाहीत, मेसेजला नुसता अंगठा दाखवून मोकळा झालो. तू मला भैताड ठरवून टाकलं असशीलच. आईचे गुडघे होते तसेच, माझी शुगर काठावर, सुनंदा ठणठणीत. झाल्या तब्येती.

आता ऐक. मुक्ता पोळ्याला आली होती, पोराला तान्हा पोळा दाखवायला. माळ्यावरून आपला चाकांचा लाकडी नंदी काढला. डावं मागचं चाक अजूनही अडतं, तुझी कृपा. पोरानं अख्ख्या अपार्टमेंटमध्ये नंदी ओढत घरोघरी बोजाऱ्याचे पैसे गोळा केले, लिफ्टमधूनसुद्धा. संध्याकाळी मुक्ता आईजवळ बसली आणि म्हणाली, "आजी, पुढल्या वर्षीपासून महालक्ष्म्या मी नेऊ?" आई म्हणाली, "ने." लोणच्याची बरणी द्यावी तसं. मी तिथंच चहा पीत होतो बे! मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

मुक्ताच्या सासरी खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून खडे आणायचे, पूजा, घावन-घाटलं, की झालं. तिला आपल्यासारख्या उभ्या पाहिजेत. साड्या नेसवलेल्या, गळाभर दागिने, वर फुलोरा, पुढ्यात बाळं. मी म्हटलं, बाई, तू नोकरी करतेस, सोळा भाज्या निवडणार कोण? तर आई मधेच, "मोठ्या बाजारात निवडलेल्या मिळतात म्हणे." ही आपली आई! पुरण पाट्यावरच वाटलं पाहिजे म्हणून सुनंदाला पहिल्या वर्षी रडवणारी. आता म्हणते, मिक्सरमधून काढ, तिला पुरण पाहिजे, पाटा नको. सुनंदानं माझ्याकडं असं पाहिलं की मी बाल्कनीत निघून गेलो.

बातमी काकांकडं पोचायला कितीसा वेळ लागतो. चुलतभावाचा फोन, महालक्ष्म्या मुलाकडं जातात, लेकीकडं नाही, घराण्याला चालत नाही. मी जे भांडलो! लेक म्हणजे घराण्याबाहेरची का, इतकी वर्षं आंबील ढवळायला तीच लागायची ना, वगैरे. जोरात फोन ठेवला. आणि मग लक्षात आलं, द्यायच्या तर मलाही नाहीत. माझा प्रश्न तत्त्वाचा नाही रे, हॉलचा आहे. ज्येष्ठा नक्षत्रावर त्या कोपऱ्यात काय असणार? टीव्ही?

हे दुसऱ्या कोणाला सांगू? तुमचा महाल भागातला वाडा बिल्डरला गेला तेव्हा तू तुमच्या महालक्ष्म्या अकोल्याला देऊन टाकल्यास, आणि मी बडकस चौकात भर रस्त्यात तुला बोल बोल बोललो. तू म्हणाला होतास, "तुझ्यावर येईल तेव्हा पाहू." घे, आली. पण खूश होऊ नको, माझं म्हणणं मी मागे घेत नाही. तू कोणाला विचारलं नव्हतंस, निदान मला तरी.

मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला मुक्ता आणि मी इतवारीत गेलो होतो. गर्दी तीच, इडा-पीडा घेऊन जा गे मारबत तेच. काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून निघते, हे मी तिला दरवर्षी सांगतो. या वेळी पोरगी म्हणाली, "आणि सोबतचे बडग्यांचे पुतळे मात्र दरवर्षी नवे, बाबा. त्याबद्दल कोणी ओरडत नाही." मी म्हटलं, बडग्याला शेवटी जाळतात. त्यावर ती गप्प बसली. जिंकलो म्हणायचं का हे, तूच सांग.

काल ट्रंक उघडली. मुखवटे जुन्या धोतराच्या फडक्यात जसेच्या तसे. कनिष्ठेच्या कानामागची ती चीरही. मुक्तानं विचारलं, ही कशानं पडली? उंदरानं, म्हटलं. तो उंदीर बंगलोरला राहतो हे आईला आजही माहीत नाही. मुखवटे ज्यांवर बसवतो त्या कोठ्या मात्र बुडाशी पार गंजल्यात, मागल्या वर्षी एकीतून गहू गळत होते. त्या इथंच ठेवायच्या म्हणते मुक्ता, तिकडं नवीन स्टँड घेईल. मुखवटे रेल्वेनं मांडीवर घेऊन जाणार आहे. आई तिला एकेक सांगते आणि ती फोनवर रेकॉर्ड करते. आवाहन अनुराधावर, विसर्जन मूळ नक्षत्रावर, कोठीत काय भरायचं, पुरणाचे दिवे किती. आई इतकी खुलून माझ्याशी कधी बोलली नाही.

पुढल्या वर्षी रिकाम्या कोठ्या उभ्या करून नुसते तांदळाचे कलश मांडावेत का? सुनंदा म्हणते, "एक वर्ष आराम करू द्या हो मला." तिचंही खरंच आहे. पण मग पंगत? गल्लीतली माणसं त्या एका दिवशी तरी एकमेकांची तोंडं पाहतात.

तुझ्या रिटायरमेंटचं कळलं, अभिनंदन. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? चिंटूचा व्हिसा आला का? सविस्तर नंतर.

मुद्दा असा की नागपुरात या शेवटच्या. पूजेच्या दिवशी ये. दुपारची पंगत एक म्हटली तरी तीनला बसते, तुला माहीत आहे. भाज्या मोजायला तूच लागतोस, पण या वेळी कोथिंबीर सोळावी धरायची नाही. तिकीट काढलंस की लगेच कळव, आई पानांचा आकडा विचारते आहे.

तुझा,
श्याम