पैठणीच्या पदराला लपवायची बाजू नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल रविवार पुरवणीत पैठणच्या विणकर घरावरल्या कादंबरीचं परीक्षण वाचलं. त्यात विणकामाच्या तपशिलाचं कौतुक वाचून लिहायला बसलो. वडिलांचा माग सांभाळायचा की प्रियकरासोबत जायचं, हा त्या मुलीचा पेच लेखिकेनं जीव ओतून मांडलाय. पण कथेचा सगळा भार ज्या प्रसंगावर आहे, नेमका तोच चुकला. ती एका रात्रीत पदराच्या उलट बाजूला त्याचं नाव विणते आणि ते कुणालाच दिसत नाही!

पदरात जरीच्या आडव्या धाग्यांत मोर, मुनिया (पोपट), आसावली (फुलवेल) भरतात, ती प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी नळी, घेऊन. मोराची निळी मान जिथं संपते तिथं निळा धागा शेजारच्या धाग्यात अडकतो आणि मागं फिरतो. उलट बाजूला काही लोंबत नाही, म्हणून नक्षी दोन्हीकडून सारखी. नाव विणलं तर ते सुलट बाजूलाही उमटणारच. मागं सुटे धागे दिसतात ते औरंगाबादच्या हिमरूला.

आणि एका रात्रीत? ओळीत जितके रंग बदलतात तितक्या कांड्या हातानं फिरवायच्या, मग फणी ठोकायची. भरगच्च पदराला महिने लागतात. एक कांडी चुकून दोन धागे पुढं वळली आणि दहा ओळींनंतर ध्यानात आलं, तर दहाही ओळी उसवायच्या, तेही हलक्या हातानं. ओढाताण झाली की जरीचा वेढा आतल्या रेशमावरून सुटतो. अर्धा पदर मागावर, सावकाराचं देणं डोक्यावर, अशात त्या पोरीनं उठून जायचं कसं? तिचा खरा पेच इथंच होता, आणि तोच निसटला.

आणखी एक. कथा १९४६ सालची आणि दोघं भेटतात नाथसागराच्या काठी. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, आणि त्या धरणाची पायाभरणीच १९६५ची! तेव्हा तिथं गोदावरीचं पात्र होतं. कर्जाचा आकडाही नुसता ‘तीनशे रुपये’. निजामाच्या मुलखात हाली (निजामाचा रुपया) की कलदार (इंग्रजांचा रुपया) हे सांगावंच लागे. सहा कलदाराला सात हाली, म्हणजे तीनशे कलदाराचे साडेतीनशे हाली होतात. गरीब विणकराला ते वरचे पन्नास थोडे नव्हते.

पुढच्या आवृत्तीत पदराचा प्रसंग तरी बदलावा, ही लेखिकेला कळकळीची विनंती. परीक्षण लिहिणाऱ्यांनीही एकदा पैठणला यावं आणि पदराची एक ओळ पुरी होईपर्यंत मागाशेजारी बसावं.

आपला,
एक वाचक, पैठण