दिग्याला पत्र: मामांचा गणपती

प्रिय दिग्या,

तुझ्या फोनला उत्तर दिलं नाही, हे खरं. हात मातीत होते ही सबब तुझ्यापुढे चालायची नाही, ती तूच शोधून काढलेली. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा आहे तसाच. नाना ठीक.

आता मुद्द्याचं. तुझ्या मामांच्या नातवाने व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र पाठवलंय, एआयकडून काढून घेतलेलं. गणपती एका पायावर उभा, दुसरा पाय मुडपून हवेत, हातात ताणलेलं धनुष्य, आणि शेला मागे वाऱ्यावर उडतोय. खाली लिहिलंय, "सेम असाच. दोन फूट. शाडूचाच हवा, पीओपी नको. पर्यावरण!" हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर विचारतील, मग अडचण काय? तू तरी असं विचारणार नाहीस.

पोराला वाटतं, माल बदलायचा आणि आकार तोच ठेवायचा, दुकानात साबणाचा ब्रँड बदलावा तसं. पीओपी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, जिप्सम हे खनिज दीडशे अंशांच्या आसपास भाजून त्यातलं बरंचसं पाणी उडवलेलं. पाणी परत दिलं की ते गरम होतं, अर्ध्या तासात घट्ट होतं आणि घट्ट होताना किंचित फुगतं. म्हणून साच्यातली बारीक रेघही उठून येते. आत काथ्या घातला की हात हवेत ठेवा नाहीतर पाय, त्याला फरक पडत नाही. शाडूचं नेमकं उलटं. ती सुकताना आकसते, आणि सगळीकडे सारखी आकसत नाही. सोंडेचं टोक, कानाची कड, मनगट आधी सुकतात, पोट आणि बैठक मागे राहतात. बारीक भाग आखडला की जाड भागापासून तुटू बघतो. शिवाय ओलं असताना सगळा भार त्या एका घोट्यावर. सुकेपर्यंत तो घोटा वाकणारच.

तू म्हणशील, तार घाल. माती आकसते, तार आकसत नाही. भेग बरोबर तारेच्या रेषेवर येते. त्यापेक्षा माती मळतानाच बारीक कापलेला काथ्या आणि पिंजलेला कापूस घातलेला बरा. सुटा हात करून नंतर जोडायचा तर दोन्ही भाग सारखेच ओले हवेत. खांदा ओला आणि हात कडक झालेला असला, तर पातळ माती लावून कितीही दाबा, आठवड्याने सांधा उघडतो. मूर्ती उन्हात ठेवली तर वरची साल सुकून ताणते आणि आतला ओलावा तसाच. पंख्याच्या वाऱ्यात ठेवली तर एकाच अंगाने सुकते, म्हणून पाट रोज फिरवायचा. आत दमट असताना रंग चढवला की आधी फुगे, मग खपल्या. यंदा अधिक ज्येष्ठामुळे चतुर्थी 14 सप्टेंबरला आली, गेल्या वर्षी 27 ऑगस्टला होती. सुकायला तेवढे दिवस जास्त मिळतात, पण दिवस वाढले म्हणून घोटा जाड होत नाही.

आणि बारीक चीर दिसली की घरचे लगेच म्हणणार, खंडित मूर्ती! प्राणप्रतिष्ठेआधी ती मातीच असते, भेग बुजवून रंग लावला तर काही बिघडत नाही, हे गुरुजीही सांगतात. पण मनातली भीती जात नाही. मला तर वाटतं, प्लास्टर घराघरात शिरलं त्यात स्वस्ताई आणि हलकेपणाइतकाच या भीतीचाही हात आहे. चिरत नाही, म्हणून निर्धोक. आता पर्यावरणाच्या नावाने लोक मातीकडे परत येतायत. यायलाच हवं. पण मधल्या काळात डोळ्यांना प्लास्टरच्या आकारांची सवय झाली, आणि ती सवय घेऊनच परत येतायत.

यावर आपलं भांडण जुनंच. 'जय मल्हार' मालिका गाजली तेव्हा खंडोबाच्या वेशातले गणपती सगळ्यांना हवे झाले, मग 'बाहुबली'सारखे. तू तेव्हा म्हणायचास, देव त्या त्या काळासारखाच दिसणार, रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला तेव्हापासून घरोघरच्या देवांचे चेहरे त्या तसबिरींसारखे झालेच ना? ते मी तेव्हाही कबूल केलं होतं. माझी हरकत चेहऱ्याला नव्हती. फेटा, मिशी, भंडारा, काय हवं ते करा, बैठक मोडू नका एवढंच माझं म्हणणं. पुण्यात भाऊसाहेब रंगारींचा गणपती 1892 पासूनचा, राक्षसाला मारणारा, म्हणजे भरपूर आवेशाचा. पण तो लाकूड आणि भुशाचा आहे, आणि तीच मूर्ती आजही पूजेत आहे. करणाऱ्याला माहीत होतं की हा आवेश मातीत पेलायचा नाही. यावर तू काहीतरी खवचट लिहिशीलच, लिही.

पाण्याचंही बघ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे 2020 मध्ये पीओपीच्या मूर्ती नकोत म्हटलं. जून 2025 मध्ये उच्च न्यायालयाने त्या करायला मुभा दिली, पण नैसर्गिक पाण्यात सोडायला नाही. जुलैत सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच सोडा असं सांगितलं. यामागचं गणित सरळ आहे. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. दहा किलोच्या मूर्तीला चार-पाच हजार लिटर पाणी लागेल, तेही ढवळत राहिलं तर. घरी प्लास्टर असेलच, तर पुण्याच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने) दाखवलेली रीत आहे: मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात घालायचं, मूर्ती बुडवायची, दर दोन-तीन तासांनी ढवळत राहायचं. दोन-तीन दिवसांत तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा चुरा उरतो आणि वरचं अमोनियम सल्फेटचं पाणी पातळ करून झाडांना चालतं. खिडक्या उघड्या ठेवायच्या, वासाने शेजारी भांडायला येतात.

शाडू बादलीत काही तासांत बसते. पण तिच्यावर ऑइलपेंटचं कवच असेल तर तीही हटून राहते, आणि हे कुणी बोलत नाही. खडे, खऱ्या कापडाचं धोतर, फेटा उत्तरपूजेनंतर उतरवून घ्यायला हवेत; गमने चिकटवलेले असले तर निघता निघत नाहीत. खाली बसलेली माती कुंडीत ओतू नये, चिकण असल्यामुळे दगडासारखी बसते आणि मुळं गुदमरतात. गाळून, सुकवून परत गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतो त्या कारखान्यात, आणून दिली तर पुढच्या वर्षी चालते. गुजरातेतून गाडीभाडं भरून येणारी माती आपण दरसाल पाण्यात सोडतो, मग तक्रार करतो की महाग झाली.

तुझ्या नव्या जागेचं कळलं, छान झालं. छोटीच्या दहावीचा निकाल वहिनींच्या स्टेटसवर पाहिला, तिला माझ्याकडून पेढे. नोकरीचं तू काही लिहिलं नाहीस, म्हणजे बरं चाललंय असं धरतो.

आता काम. मी सांगितलं तर मामांना वाटेल, मला जमत नाही म्हणून टाळतोय. तू सांग. पोराचं मन मोडायचं नाही, चित्रातलं बरंच ठेवता येतं. दोन्ही पाय खाली, एक किंचित पुढे, मागे खडक आणि त्याला पाठ टेकलेली. धनुष्य लाकडाचं, वेगळं करून देईन, चतुर्थीला हातात अडकवायचं आणि विसर्जनाआधी काढून ठेवायचं. धनुष्याचा हात छातीशी मुडपलेला. शेला उडू दे, पण खडकाला चिकटून. खडक आला की वजन वाढणार, म्हणून उंची दीड फूट. त्याहून मोठी शाडूची मूर्ती मामांच्या त्या जिन्यावरून कोण उतरवणार, तू येणार आहेस? कंबर सांभाळून बोल. रंग पाण्याचे, सोनेरी फक्त मुकुटाला. डोळ्यांची आखणी शेवटी, आणि यावर तुझं मत मला माहीत आहे, ते तुझ्याजवळच ठेव.

एवढं पटलं तर पाट नागपंचमीच्या आत पाठवायला सांग. नव्या सनमायक्याचा नको, जुना सागवानी. सनमायक्यावरून माती सरकते.

तुझा,
सुध्या