दारावरच्या विक्रेत्यांना सरसकट मनाई नको

महोदय,

आमच्या सोसायटीच्या फाटकावर ‘फेरीवाल्यांना सक्त मनाई’ अशी पाटी लागली आणि जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी, एका पातेल्यासाठी ‘अजून एक जरीची साडी टाका’ म्हणत तासभर घासाघीस करणारी बोहारीण येईनाशी झाली. जलशुद्धीकरण यंत्राचे ‘मोफत प्रात्यक्षिक’ दाखवायला आलेला टायवाला मात्र माझ्या वृद्ध आईकडून आगाऊ रक्कम घेऊन गेला. पहारेकऱ्याने त्याला सलामही ठोकला होता! थेट विक्री कंपन्यांच्या विक्रेत्यांना २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ओळखपत्र आणि पूर्वसंमती यांशिवाय ग्राहकाच्या घरी जाता येत नाही. हाच दंडक सोसायट्यांनी घरोघरी फिरणाऱ्या प्रत्येक कंपनी-प्रतिनिधीला लावावा आणि बोहारणीला दुपारी जिन्याखाली बसू द्यावे.

– एक वाचक, पुणे