यात्रेतून घोडी आणण्यापूर्वी

नांदेड,
आश्विन वद्य पंचमी

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

माळेगावच्या यात्रेतून यंदा आणखी एक घोडी घ्यावी का, असे तू विचारले आहेस. जरूर घे, पण पावसाळा सरता सरता गोदाकाठच्या एका गावात वरातीच्या घोड्यांमध्ये जी साथ आली, तिच्या तपासात मी होतो, आणि ती समजून घेतल्याशिवाय तू इसार देऊ नयेस.

घोड्यांना ताप येई आणि उतरे, चारापाणी चालू असूनही अंग वाळत जाई आणि पायांवर व पोटाखाली सूज चढे. कोणीतरी मोबाइलवर आफ्रिकन हॉर्स सिकनेसचे नाव वाचले आणि गावभर घबराट उडाली. नाव भीतीदायक आहेच; १९६० च्या सुमारास त्या रोगाने आपल्या देशात मोठी हानी केली होती आणि २०२० मध्ये थायलंडमध्ये शेकडो घोडे मारले. परंतु तो विषाणू सहसा काही दिवसांतच घोड्याचा निकाल लावतो. येथे घोडी आठवडेच्या आठवडे झिजत होती. ताप चढलेला असताना घेतलेला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा तांबड्या पेशींना ढकलत वळवळणारे जंतू दिसले. हा सर्रा होता. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे घोड्या-उंटांच्या रक्तात पाहिलेला हाच तो जंतू. ताप उतरला की तो रक्तात सहजी सापडत नाही, म्हणून एकदा काचपट्टी कोरी निघाली एवढ्यावर विसंबता येत नाही.

रोगाचे नाव ठरणे का महत्त्वाचे होते, ते ऐक. आफ्रिकन हॉर्स सिकनेस पसरवणारी चिलटे मुख्यतः तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत चावतात. सर्रा पसरवणारी गोमाशी भर उन्हात चावते. मोबाइलवरचे वाचून लोक रात्री पागा बंद करीत आणि दिवसा घोडी नदीकाठी म्हशींच्या शेजारी बांधीत, म्हणजे नेमके उलटे चालले होते. गोमाशीच्या पोटात हा जंतू वाढत नाही. तिच्या सोंडेला लागलेल्या ओल्या रक्तातून तो जातो. तिचा दंश दुखतो, जनावर शेपटी झाडते, अर्धवट पोटाची माशी उठून शेजारच्या जनावरावर बसते. काही मिनिटे गेली की ते रक्त निरुपद्रवी होते. त्यामुळे जनावरांमधले अंतर हाच मोठा उपाय ठरतो.

आम्ही आजारी घोड्यांच्या जागा नकाशावर मांडल्या, तेव्हा त्या बहुतेक म्हशींच्या गोठ्यांलगत निघाल्या. म्हशीत हा जंतू लक्षणे न दाखवता राहू शकतो. तिचे रक्त काढायचे म्हटल्यावर मालक चिडत, "दूध देणाऱ्या म्हशीला काय झालंय?" त्यांचे तरी काय चुकले? तरीही काही म्हशींत जंतू सापडले, आणि घोड्यांबरोबर त्यांनाही औषध द्यावे लागले.

घोड्यांना क्विनापायरामिन दिले. टोचल्या जागी गाठ येते, म्हणून मात्रा विभागून टोचावी लागते. गाई-म्हशींना देतात ते डिमिनाझिन घोड्याला मानवत नाही. नदीकाठच्या चिखलात वाढणाऱ्या गोमाशीच्या अळ्या फवारून संपवणे शक्यच नव्हते. दिवसा जाळीच्या पागेत घोडी ठेवणे आणि धूर करणे एवढेच हाती होते. सगळ्यात राग आला तो एकाच सुईने साऱ्या घोड्यांना ताकदीची इंजेक्शने टोचण्याच्या सवयीचा. गोमाशी करते तेच काम ती सुई करते.

मोतद्दारांनी विचारले, हा माणसाला होतो का? माणसाच्या रक्तातील एक प्रथिन या जंतूला मारते. चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला २००४ मध्ये लागण झाली, त्याच्या रक्तात ते प्रथिन नव्हते. अशी उदाहरणे अगदीच विरळा.

यात्रा थंडीत भरते, माश्या कमी असतात, पण लागण झालेली घोडी वरून ठणठणीत दिसू शकते. घेण्याआधी रक्त तपासून घे, घरी आणल्यावर महिनाभर तुझ्या दोन्ही घोड्यांपासून दूर बांध, मध्ये ताप आला तर त्याच वेळी पुन्हा रक्त काढ, आणि प्रत्येक जनावराला नवी सुई वापर. शेजाऱ्यांच्या म्हशी तुझ्या पागेपासून किती अंतरावर बांधतात, ते मात्र उलट टपाली कळव.

तुझा,
माधव