आई-बाबा, मनूची पुस्तकं तिच्याकडेच राहू द्या

बंगळुरू

ती. आई-बाबा,
सा. न.

रविवारी फोन घाईत ठेवला ते मनाला लागून राहिलंय. आई, पंधरा वर्षांच्या पोरीने मुलांनी मुलांना मारायची गोष्ट का वाचावी, एवढंच तू विचारत होतीस आणि मी "वाचू दे गं" म्हणून मोकळी झाले. म्हणून हे सविस्तर. निर्णय मात्र झालाय: मनूची पुस्तकं तिच्याकडेच राहतील.

सगळी नाहीत हं. रिबेका यॅरोसची ड्रॅगनवाली मालिका मी निघण्यापूर्वीच काढून घेतली. 'ऑनिक्स स्टॉर्म' हा तिचा तिसरा भाग, २०२५चा. ड्रॅगन आणि सैनिकी विद्यालय बघून लोक ती किशोरवयीनांची समजतात, पण लिहिलीय मोठ्यांसाठी, आणि त्यातली काही पानं मीही तुमच्यासमोर उघडणार नाही. तेव्हा मी डोळे मिटून बसलेले नाही, एवढं लक्षात घे.

तू मागची बाजू वाचलीस ते सुझन कॉलिन्सचं 'सनराइज ऑन द रीपिंग', मार्च २०२५चं. पॅनेम या काल्पनिक देशाची राजधानी दरवर्षी बारा जिल्ह्यांतून चिठ्ठ्या काढून चोवीस मुलं उचलते आणि एकच उरेपर्यंत झुंजवते. पन्नासावं वर्ष म्हणून या वेळी दुप्पट, ४८. नायक हेमिचचा सोळावा वाढदिवस नेमका चिठ्ठ्यांच्या दिवशी. रक्तपात आहे, खोटं कशाला सांगू. पण लेखिकेचा रोख कॅमेऱ्यावर आहे: लोकांना काय दाखवलं आणि काय कापलं. याच खेळांची ध्वनिचित्रफीत 'कॅचिंग फायर'मध्ये (२००९) येऊन गेली आहे. त्यात जे दाखवलं नाही ते इथे कळतं. म्हणून आधी 'द हंगर गेम्स' (२००८), मग 'कॅचिंग फायर', 'मॉकिंगजे' (२०१०), त्यानंतर २०२०चं, पॅनेमचा राष्ट्राध्यक्ष स्नो याच्या तरुणपणाचं पुस्तक आणि शेवटी हे. कथेतल्या काळाच्या क्रमाने, म्हणजे स्नोपासून, सुरुवात केली की गाडी फसते. खोटी फीत आधी खरी मानलेली नसेल, तर तिचं खोटेपण कळून धक्का कसला बसणार?

बाबा, आणीबाणीत अग्रलेखाची कोरी सोडलेली जागा तुम्ही सांगता ना, ती मनूला सांगा. मी सांगितलं तर ते तिला धड्यासारखं वाटतं.

आणि आई, कावळ्याला भर पावसात दाराबाहेर ठेवून "थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे" म्हणणारी, शेवटी त्याला चुलीचा चटका खायला लावणारी चिमणी मला कोणी सांगितली गं? मी जेमतेम तीन वर्षांची होते. चटका बसला की तू माझ्या तळव्यावर फुंकर घालायचीस.

पाठवलेल्या खोक्यात तुझ्यासाठी मोनिक्विल ब्लॅकगूजचं 'टू शेप अ ड्रॅगन्स ब्रेथ' (२०२३) आहे. किशोर गटाचा लोडस्टार पुरस्कार त्याला २०२४ साली मिळाला. आदिवासी बेटावरच्या अनेकस या मुलीला ड्रॅगनचं अंडं सापडतं. राज्यकर्त्यांच्या शाळेत गेली नाही तर पिल्लू मारलं जाणार. मधली वर्गातली प्रकरणं मनूला कंटाळवाणी वाटली, कारण ड्रॅगनचा श्वास पदार्थ फोडतो ते निव्वळ रसायनशास्त्र आहे, फक्त मूलद्रव्यांची नावं बदललेली. बत्तीस वर्षं तेच शिकवलंस, तूच उलगडून दे. घाई करू नका, ते पुस्तक संथच आहे.

सोहमला कॅथरिन रंडेलचं 'इम्पॉसिबल क्रीचर्स' (२०२३). रोज झोपताना दोन प्रकरणं, जास्त नाही. शेवट रडवणारा आहे, तेव्हा तो झोपेच्या वेळी नको, सकाळी वाचा. हे मुद्दाम कागदी घेतलंय: नकाशा आणि प्राण्यांची यादी वाचनयंत्रावर (ई-रीडरवर) बारीक होते, आणि पोरं दर पाच मिनिटांनी तिकडेच जातात.

बाबा, तुमच्यासाठी वाचनयंत्र, कारण जाडजूड पुस्तक हातात धरून मनगट दुखतं. पानाच्या वरच्या भागावर बोट टेकवा, इंग्रजी मोठा ए आणि छोटा ए जोडून खूण दिसेल, तिथे अक्षर वाढवा. रात्री प्रकाश कमी करा. पहिलं रॉबर्ट जॅक्सन बेनेटचं 'द टेंटेड कप' घातलंय, २०२५चा ह्यूगो हा विज्ञानकथा-अद्भुतकथांचा पुरस्कार मिळालेलं. अर्नाळकर वाचून वाढलेल्या माणसाला हवंच. एका अधिकाऱ्याच्या अंगातून झाड उगवून तो मरतो, डोळ्यांवर पट्टी बांधून बसणारी ॲना तपास करते, आणि पाहिलेलं काहीही न विसरणारा डिन तिचे डोळे होतो. परिभाषा पहिली पन्नास पानं जड जाते. अडू नका, पुढे आपोआप कळते. पॉल लिंचचं 'प्रॉफेट साँग' (२०२३चं बुकर) तुम्ही मागितलंत, पण मोतीबिंदूचा नवा चष्मा येईपर्यंत नाही. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, परिच्छेद पाडलेले नाहीत, चांगल्या डोळ्यांनाही ओळ सापडत नाही.

मनू लावण्या लक्ष्मीनारायणचं 'द टेन पर्सेंट थीफ' मागेल. घेऊ नका, आपल्याकडे ते 'ॲनालॉग/व्हर्च्युअल' (२०२०) या नावाने आलेलं आहे, तेच मी घातलंय. बंगळुरूचं एका कंपनीने केलेलं शहर, खालचे दहा टक्के लोक यंत्रांविना बाहेर. प्रत्येक प्रकरणात माणूस नवा, म्हणून मागची नावं शोधत बसू नये.

मी विसाव्या तारखेला येते, आधी जमत नाही, रागावू नका. तोवर डोळ्यांचे थेंब दिवसातून चार वेळा, एका औषधानंतर दुसरं घालताना मध्ये दहा मिनिटं, आणि बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. आई, कैरीचं पन्हं कमी गोड कर, बाबा मागतील तरी. खोकं कुणालाही उचलायला सांगू नकोस, जिथे ठेवतील तिथेच कापून एकेक पुस्तक काढ.

तुमची,
बबी