पपनसं पाठवू नका

ति. आई-बाबा,
सा. न.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "लागली तर माझी किडनी घ्या." मला पुढे बोलवेना, म्हणून मी फोन ठेवला. रागाने ठेवला नाही. जे बोलायचं राहिलं ते आता लिहिते.

बाबा, सोन्याची किडनी गेलेली नाही. किडनी किती काम करते ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन अजून नॉर्मल आहे. बिघाड आहे तो गाळणीत. रक्तातली जी प्रथिनं तिने अडवायची, ती लघवीतून वाहून जातात, मग अंगात पाणी साठतं. जूनमध्ये तो सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी उठायचा ते यामुळेच. पहिल्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीचं औषध दिलं आणि त्यात दहा दिवस गेले. चड्डीच्या इलॅस्टिकचे कमरेवर खोल वळ दिसायला लागले, तेव्हा कुठे लघवी तपासली गेली.

या आजाराला नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात. तो होणाऱ्या शंभरातल्या ८० ते ९० मुलांना स्टेरॉइड लागू पडतं. सोन्याचं वजन १८ किलो, म्हणून रोज ३६ मिलिग्रॅम, पूर्ण सहा आठवडे. रोज पहाटे मी त्याची पहिली लघवी काचेच्या नळीत घेऊन सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकायचे आणि नळीमागे वर्तमानपत्र धरायचे. अक्षरं स्वच्छ वाचता आली तर प्रथिन नाही. तो पहिलीत आहे, जोडाक्षरं नुकती यायला लागलीत, म्हणून वाचायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं होतं. बेचाळिसाव्या दिवशीही नळीत दह्यासारख्या गुठळ्या. तो डोळे बारीक करून बघत राहिला आणि म्हणाला, "आई, पेपर कोरा आहे."

आई, तू सारखी विचारतेस, एखादी गोळी चुकली असेल का, उलटीत पडली असेल का. नाही गं. एकही चुकली नाही. काही मुलांचा आजार मुळातच स्टेरॉइडला दाद देत नाही, त्याला डॉक्टर 'स्टेरॉइड रेझिस्टंट' म्हणतात. तुझं, माझं, कुणाचंच यात काही चुकलेलं नाही. सुईने किडनीचा तुकडा काढून तपासला, तेव्हा काही गाळण्यांच्या थोड्या भागात व्रण दिसले. जनुकांचीही तपासणी केली, कारण दोष जनुकात असेल तर स्टेरॉइडनंतरची जड औषधं सहसा कामाला येत नाहीत, मग पोराला उगाच कशाला द्यायची? तसा दोष सापडला नाही. तो रिपोर्ट हातात आला त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यातच बसून रडले.

आता टॅक्रोलिमस चालू आहे, १ मिलिग्रॅम सकाळी, १ रात्री, बरोबर बारा तासांनी. बाबा, तुमचा जन्म मातीत गेला म्हणून सांगते, हे औषध १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूत सापडलं. रक्तातलं त्याचं प्रमाण वरचेवर मोजावं लागतं, कारण जास्त झालं तर तेच किडनीला बाधतं. आणि पपनसाने ते वाढतं. तेव्हा परसातली पपनसं या वर्षी शेजारी वाटून टाका. तो मागेल, त्याच्यासमोर सोलूही नका.

औषधाचा पुरता अंदाज यायला सहा महिने लागतात. नळीतल्या गुठळ्या आता गेल्यात, नुसता गढूळपणा उरलाय. हेही लागू पडलं नाही तर पुढे काही वर्षांत किडनी निकामी होण्याची भीती आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण तेव्हासुद्धा नव्या किडनीत हाच आजार उलटू शकतो, त्यामुळे बाबा, तुमची किडनी तुमच्याजवळच असू द्या. तुम्ही मला धडधाकट हवे आहात.

आम्ही धनत्रयोदशीला पोचतो. आई, चिवडा-चकलीतला त्याचा वाटा मीठ अगदी कमी घालून वेगळा कर. पापड-लोणचं समोर नको. वरण मात्र बंद करू नकोस, त्याच्या वयाच्या मुलाला लागतं तेवढं प्रथिन त्याला हवंच. गाल फुगलेत ते स्टेरॉइडमुळे. स्टेरॉइड डॉक्टर हळूहळू कमी करताहेत, पण एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं, तेव्हा "आता पुरे त्या गोळ्या" असं त्याच्या देखत म्हणू नकोस. या औषधांनी त्याची प्रतिकारशक्ती कमी झालीय, म्हणून वाडीत कुणाला कांजिण्या असतील तर निघण्याआधीच कळव, आम्ही दिवाळी इथेच करू. त्याला ताप आला किंवा पोट दुखलं तर घरगुती काढा न देता थेट डॉक्टर.

नळी आणि थेंबांची बाटली मी आणते. पहाटे पेपर धरायला मात्र बाबाच लागतील, असं त्याने बजावलंय. माझा हात हलतो म्हणे.

तुमची,
माई